ऋण गुणिले ऋण : धन कसे?



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर राजकारण, साहित्य, अध्यात्म असे भारदस्त विषय मांडले जातात. तेथे मी गुणाकार-भागाकाराचा विषय घेऊन उभा राहिलो आहे, याचे काही श्रोत्यांना नवल वाटेल. कामगार चळवळीतल्या माणसाने बोनसवर बोलावे, महागाईभत्त्यावर बोलावे. पाटी-पेन्सिलीशी त्याचा काय संबंध? पण मंडळी, बोनस आणि महागाईभत्ता म्हणजे तरी दुसरे काय? ते गणितच आहे. फरक इतकाच की शाळेतले गणित चुकले तर मास्तर ओरडतात, आणि पगारपत्रकावरचे गणित चुकले तर घरचे डबे रिकामे राहतात. माझे शाळेतले शिक्षण सातवीत थांबले. पुढचे जे काही आहे ते रात्रशाळेत आणि सार्वजनिक ग्रंथालयाच्या बाकावर मिळवलेले. तेव्हा मी विद्वान म्हणून बोलत नाही. एका प्रश्नाने मला बरीच वर्षे सतावले आणि त्याचे उत्तर सापडल्यावर फार समाधान वाटले, ते समाधान वाटून घ्यावे एवढाच हेतू आहे.

प्रश्न असा. ‘वजा गुणिले वजा बरोबर अधिक’ हे वाक्य शाळेत गेलेल्या प्रत्येकाला पाठ आहे. पण ते तसे का, म्हणून विचारले तर बहुतेक जण सांगतात, ‘तो नियमच आहे.’ नियम कोणी केला? कधी केला? नसता केला तर काय बिघडले असते? याला उत्तर मिळत नाही. माझे म्हणणे असे आहे की, हा नियम कोणी वरून लादलेला नाही. आपण साध्या आकड्यांशी जो करार आधीच केलेला आहे, त्यातूनच तो आपोआप निघतो.

ऋणको आणि धनको

आपल्या भाषेने या विषयाची अर्धी वाट आधीच सोपी करून ठेवली आहे. इंग्रजी शाळांतून या संख्यांना ‘निगेटिव्ह’ म्हणतात, म्हणजे नकाराच्या संख्या. आपण म्हणतो ‘ऋण’. ऋण म्हणजे कर्ज. देणेकऱ्याला आपण ऋणको म्हणतो, घेणेकऱ्याला धनको म्हणतो. ज्याच्या खिशात पाचशे रुपये आहेत त्याची स्थिती धन ५००, ज्याच्या खिशात दमडी नाही आणि डोक्यावर पाचशेचे देणे आहे त्याची स्थिती ऋण ५००, आणि ज्याचे देणेही नाही, घेणेही नाही त्याची स्थिती शून्य. शून्याच्या खालीही आकडे असतात, हे सावकाराच्या दारात उभे राहिलेल्या शेतकऱ्याला समजावून सांगावे लागत नाही.

हे नाव फार जुने आहे. ब्रह्मगुप्ताने वयाच्या तिसाव्या वर्षी, इ. स. ६२८ मध्ये, ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्त’ हा ग्रंथ लिहिला. त्याच्या अठराव्या अध्यायात धन, ऋण आणि शून्य या तिघांच्या बेरजा, वजाबाक्या, गुणाकार आणि भागाकार यांचे नियम एके ठिकाणी सांगितलेले आहेत. धन आणि ऋण यांचा गुणाकार ऋण. ऋण आणि ऋण यांचा गुणाकार धन. धन आणि धन यांचा गुणाकार धन. आजच्या शाळेतला नियम हाच. मात्र सूत्रात नियम असतो, कारण नसते. कारण शिकवणाऱ्याने द्यायचे असते.

ते कारण विचारणारा माणूस मूर्ख असतो, अशी समजूत कोणी करून घेऊ नये. हा प्रश्न मोठमोठ्यांना पडलेला आहे. चीनमध्ये ‘गणिताचे नऊ अध्याय’ या प्राचीन ग्रंथाच्या परंपरेत धन संख्यांसाठी तांबड्या आणि ऋण संख्यांसाठी काळ्या काड्या वापरीत, त्यामुळे तेथे ऋण आकड्यांची भीती नव्हती. पण युरोपात ही शंका अठरावे शतक संपेपर्यंत टिकली. इंग्लंडमध्ये फ्रान्सिस मॅसेरेस याने १७५८ साली आणि विल्यम फ्रेंड याने १७९६ साली ग्रंथ लिहून शून्याखालच्या संख्या मानायलाच हरकत घेतली. फ्रान्समध्ये ग्रनोब्ल गावी आंरी बेल नावाचा मुलगा शिकत होता. पुढे तो स्तांदाल या टोपणनावाने मोठा कादंबरीकार झाला. त्याने आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे की, हा नियम त्याला कोणी पटवून देऊ शकले नाही. त्याची शंका अशी होती : ऋण म्हणजे कर्ज, तर दहा हजारांच्या कर्जाला पाचशेच्या कर्जाने गुणले की माणसाजवळ पन्नास लाखांची संपत्ती कशी येईल?

शंका फक्कड आहे. तिचे उत्तर दिल्याशिवाय आपल्याला पुढे जाता येणार नाही.

गुणणारा कोण, गुणला जाणारा कोण

शंकेतली गोम अशी की, रुपयाला रुपयाने गुणताच येत नाही. पाच रुपये गुणिले तीन रुपये म्हणजे किती, असे विचारले तर वाणी हसेल. पाच रुपये तीन वेळा, असे असले तर पंधरा रुपये. गुणाकारात एक आकडा वस्तूचा असतो आणि दुसरा ‘किती वेळा’ याचा असतो. कर्जाला कर्जाने गुणायचे नसते. कर्जाला ‘वेळा’ने गुणायचे असते. मग प्रश्न उरतो तो इतकाच : ऋण वेळा म्हणजे काय?

पतपेढीच्या हप्त्याचे उदाहरण घेऊ. महिन्याला पाचशेचा हप्ता पगारातून कापला जातो. म्हणजे एका हप्त्याची किंमत कामगाराच्या दृष्टीने ऋण ५००. आता हप्ते अंगावर आले तर ‘वेळा’ धन समजू, आणि हप्ते अंगावरून उतरले, रद्द झाले, तर ‘वेळा’ ऋण समजू. तीन हप्ते अंगावर आले, तर ३ × (−५००) म्हणजे −१,५००. कामगार दीड हजाराने खाली गेला. आणि पतपेढीने तीन हप्ते माफ केले, तर (−३) × (−५००) म्हणजे +१,५००. हप्ते माफ झाल्यावर कोणाच्या हातावर नोटा पडत नाहीत हे खरे. पण काल जो होता त्यापेक्षा तो दीड हजाराने वर आला, याबद्दल त्याच्या बायकोच्या मनात तरी शंका राहणार नाही. उलट पाचशे रुपये रोजाची तीन दिवसांची मजुरी बुडाली, तर (−३) × ५०० म्हणजे −१,५००. धन गोष्ट गेली, नुकसान झाले. ऋण गोष्ट गेली, लाभ झाला.

दुसरे उदाहरण दिशेचे आणि काळाचे. काशीत राहून भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’वर सतराव्या शतकाच्या प्रारंभी टीका लिहिणारे कृष्ण दैवज्ञ यांचे घराणे मूळचे विदर्भातले. त्यांनी ऋणत्व तीन प्रकारचे सांगितले आहे : स्थळाचे, काळाचे आणि वस्तूचे. पूर्वेला धन म्हटले तर पश्चिम ऋण; येणारा काळ धन म्हटला तर गेलेला काळ ऋण. याच विचाराने एक एस. टी. बस डोळ्यांपुढे आणा. ती आपल्या थांब्यावरून पश्चिमेकडे तासाला ३० किलोमीटर वेगाने चालली आहे. तिचा वेग ऋण ३०. दोन तासांनी ती कोठे असेल? २ × (−३०), म्हणजे ६० किलोमीटर पश्चिमेला. आणि दोन तासांपूर्वी कोठे होती? (−२) × (−३०). पश्चिमेकडे जाणारी गाडी आधी पूर्वेलाच असणार, म्हणून धन ६०.

दृष्टांत पटतात, पण दृष्टांत म्हणजे पुरावा नव्हे. कीर्तनकार हवा तसा दृष्टांत आणून देतो. संघटनेच्या कामात मी एक शिकलो आहे की, समोरचा माणूस गोड उदाहरण देऊ लागला की त्याला कागद दाखवायला सांगावे. तेव्हा आता कागदाकडे वळू. कागद म्हणण्यापेक्षा कापडाकडे वळू, कारण आपल्याकडे ते अधिक ओळखीचे आहे.

कापडाचा कोपरा

दहा हात लांब आणि दहा हात रुंद अशी चौरस चादर घ्या. तिचे क्षेत्र १०० चौरस हात. तिच्या लांबीतून दोन हातांची पट्टी कमी करायची आहे आणि रुंदीतून तीन हातांची. उरेल ती चादर आठ हात लांब आणि सात हात रुंद. आठ साते छप्पन. उत्तर ५६, याबद्दल वाद नाही.

आता हेच पट्ट्यांचे क्षेत्र वजा करून काढू. लांबीतून जी पट्टी गेली तिचे क्षेत्र दोन गुणिले दहा, म्हणजे २०. रुंदीतून जी पट्टी गेली तिचे क्षेत्र तीन गुणिले दहा, म्हणजे ३०. शंभरातून वीस आणि तीस वजा केले की उरतात ५०. पण चादर तर छप्पन आहे! सहा चौरस हात कोठे गेले?

ते कोपऱ्यात आहेत. दोन्ही पट्ट्या जेथे एकमेकींवर येतात, तेथे दोन हात बाय तीन हातांचा एक तुकडा आहे. तो पहिल्या पट्टीतही मोजला गेला आणि दुसरीतही मोजला गेला. कापड एकदाच कापले, पण हिशेबात ते दोनदा वजा केले. म्हणून एकदा परत द्यायला हवे. पन्नास अधिक सहा, छप्पन.

आता हा हिशेब चिन्हांत मांडा : (१० − २) × (१० − ३). दहा दाहे शंभर. दहा गुणिले ऋण तीन, ऋण ३०. ऋण दोन गुणिले दहा, ऋण २०. आणि राहिला ऋण दोन गुणिले ऋण तीन. तो धन ६ धरला तर उत्तर ५६ येते. तो ऋण ६ धरला तर ४४ येते, आणि चादर आपल्याला खोटे ठरवते. म्हणून म्हणतो, वजा गुणिले वजा अधिक हा मास्तरांचा हुकूम नाही. जास्त वेळा कापलेले परत द्यायचे, एवढाच त्याचा अर्थ.

कायम आणि बदली यांना एकच नियम

आता असा कोणी चिकित्सक निघेल की, येथे तुम्ही दहातून दोन कमी केलेत, शून्याखाली कोठे गेलात? त्याचे म्हणणे रास्त आहे. म्हणून शेवटचा आणि खरा पुरावा देतो. त्यात ना हप्ता आहे, ना बस, ना चादर.

साध्या आकड्यांचे काही नियम आपण केव्हाच मान्य केले आहेत. पहिला : गुणाकारात क्रम बदलला तरी उत्तर बदलत नाही, तीन चोक बारा आणि चार त्रिक बारा. दुसरा : शून्याने गुणले की शून्य. तिसरा : कंसाबाहेरच्या आकड्याने कंसातल्या प्रत्येकाला गुणायचे, ३ × (४ + ५) म्हणजे ३ × ४ अधिक ३ × ५, बारा अधिक पंधरा, सत्तावीस. हा वाटपाचा नियम. पंगतीत वाढप्याने प्रत्येक पानावर वाढायचे, कोणाला वगळायचे नाही, तसा.

गिरणीत कायम कामगार असत तसे बदली कामगारही असत. बदलीवाला कायमच्या शेजारी तेच काम करी. संघटनेची मागणी काय असे? कामाचा नियम दोघांना एकच लावा. ऋण संख्या या गणिताच्या गिरणीत नंतर आलेल्या आहेत. त्यांना आत घेताना आपण एकच अट घालू : जुन्या संख्यांना जे नियम आहेत, तेच यांनाही लागू राहतील. वेगळे नियमपुस्तक नाही. बघू या, त्यातून काय निघते.

(−३) × [४ + (−४)] एवढे मांडा. कंसात चार अधिक ऋण चार, म्हणजे शून्य. शून्याने गुणले की शून्य. तेव्हा या सगळ्याचे उत्तर शून्य, हे ठरले. आता वाटपाच्या नियमाने कंस सोडवा : (−३) × ४ अधिक (−३) × (−४). यातला पहिला भाग क्रम बदलून पाहा, ४ × (−३), चार वेळा ऋण तीन, म्हणजे −१२. दुसरा भाग आपल्याला अजून माहीत नाही असे समजा. पण दोन्ही मिळून शून्य व्हायला हवे. ऋण बारामध्ये काय मिळवले म्हणजे शून्य होईल? धन बारा. दुसरे काहीही चालणार नाही. म्हणून (−३) × (−४) = +१२.

इतकेच. यात कोठे जादू नाही, कोठे ‘आम्ही सांगतो म्हणून’ नाही. कोणाला हवे असेल तर त्याने ऋण बारा असे उत्तर ठरवावे. त्याला पोलीस पकडणार नाहीत. मात्र मग त्याला सांगावे लागेल की, कंसाचा नियम धन संख्यांना लागू आहे आणि ऋण संख्यांना नाही. एकाच गिरणीत दोन कायदे आले. जुने नियम नव्या संख्यांनाही लागू राहावेत, हे तत्त्व केंब्रिजच्या जॉर्ज पीकॉक याने १८३० साली आपल्या बीजगणिताच्या ग्रंथात स्पष्ट मांडले, आणि त्यानंतर या संख्यांविषयीची कुरकुर हळूहळू थांबली.

येथे एक इशारा देतो. ‘वजा वजा अधिक’ हे वाक्य अर्धवट पाठ केले की अनर्थ होतो. −३ − ५ म्हणजे काय? अनेक मुले ‘वजा वजा अधिक’ म्हणून धन ८ लिहून मोकळी होतात. पण येथे गुणाकार नाही. तीनचे एक देणे आणि पाचचे दुसरे देणे. एकूण देणे आठचे. उत्तर −८. नियम गुणाकार-भागाकाराचा आहे, बेरजेचा नाही.

अनेक आकड्यांचा गुणाकार असेल तर ऋण चिन्हे मोजावीत. जोडीजोडीने ती धन होत जातात. चिन्हे सम असतील तर उत्तर धन, विषम असतील तर ऋण. (−२) × (−३) × (−५) : तीन चिन्हे, एक बिनजोडीचे उरले, उत्तर −३०. आणि कोणत्याही संख्येला तिनेच गुणले तर चिन्हांची जोडी लागतेच, म्हणून वर्ग कधी ऋण येत नाही. पाचाचा वर्ग २५ आणि ऋण पाचाचाही २५. म्हणूनच भास्कराचार्यांनी सांगितले की, धन संख्येला दोन वर्गमुळे असतात, एक धन आणि एक ऋण. आणि ऋण संख्येला वर्गमूळ नाही, कारण ती कोणाचा वर्गच नव्हे. पुढे त्यासाठीही नव्या संख्या निर्माण झाल्या, पण तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे.

भागाकार : उलट प्रश्न

भागाकाराला नवे काही शिकायचे नाही. बारा भागिले तीन म्हणजे, तीनाला कितीने गुणले असता बारा येतात, हा प्रश्न. तोच प्रश्न चिन्हांसह विचारा. १२ ÷ (−३) : ऋण तीनाला कितीने गुणले तर धन बारा? ऋण चाराने. उत्तर −४. (−१२) ÷ ३ सुद्धा −४. आणि (−१२) ÷ (−३) म्हणजे +४. समान चिन्हे असली की धन, भिन्न असली की ऋण, गुणाकाराचाच कायदा.

व्यवहारात याचा अर्थ पाहा. आठ जणांनी मिळून १,२०० रुपयांचे देणे केले. प्रत्येकाच्या वाट्याला (−१,२००) ÷ ८, म्हणजे −१५०. आता प्रश्न उलटा करा : १,२०० चे देणे आहे, हप्ता १५० चा, हप्ते किती? (−१,२००) ÷ (−१५०) = ८. देण्याला देण्याने भागले आणि उत्तर आले नुसती मोजणी, आठ. येथे रुपये उरलेच नाहीत. स्तांदालच्या शंकेची हीच दुसरी बाजू आहे : रुपयाला रुपयाने गुणणे निरर्थक, पण रुपयाला रुपयाने भागणे अगदी सार्थ.

गुणाकार आणि भागाकार यांत एक भेद मात्र आहे. दोन पूर्णांकांचा गुणाकार नेहमी पूर्णांकच येतो; भागाकार तसा वागेल याची हमी नाही. (−७) ÷ २ म्हणजे ऋण साडेतीन. आपण पूर्णांकांच्या कुंपणाबाहेर गेलो.

आणि शून्याने भागायचे नाही. का? पुन्हा तोच उलट प्रश्न विचारा. १२ ÷ ० : शून्याला कितीने गुणले तर बारा? कशानेच नाही. ० ÷ ० : शून्याला कितीने गुणले तर शून्य? कशानेही. एकीकडे उत्तरच नाही, दुसरीकडे हवी तितकी उत्तरे. ब्रह्मगुप्ताने शून्य भागिले शून्य बरोबर शून्य असे म्हटले होते. ते आज मान्य नाही. भास्कराचार्यांनी शून्याने भागलेल्या राशीला ‘खहर’ नाव देऊन ती अनंत मानली. आजचे गणित हा भागाकार करीतच नाही. थोरांचा आदर राखून त्यांचे विधान तपासता येते, हे यातून दिसते.

अक्षरांचा हिशेब

आता बीजगणिताकडे. अक्षर दिसले की पुष्कळांचा धीर सुटतो. वास्तविक अक्षर म्हणजे तोंड बांधलेले पोते. आत किती दाणे आहेत हे आज माहीत नाही, पण पोती मोजता येतात. तीन पोती म्हणजे ३क्ष.

भास्कराचार्यांचा ‘बीजगणित’ हा ग्रंथ सुमारे ११५० सालचा. त्यात अज्ञात राशीला ‘यावत्-तावत्’, म्हणजे ‘जितकी असेल तितकी’, असे नाव आहे. आणि एकाहून अधिक अज्ञात असतील तर त्यांना रंगांची नावे आहेत : कालक, नीलक, पीतक, लोहितक. लिहिताना ‘या’, ‘का’, ‘नी’ अशी आद्याक्षरे घेत, आणि ऋण दाखवायला आकड्याच्या डोक्यावर टिंब देत. गुणाकाराचे त्यांचे नियम आजही तसेच आहेत. नुसत्या आकड्याने अज्ञाताला गुणले तर ते अज्ञातच राहते, संख्या तेवढी वाढते. अज्ञाताला त्याच अज्ञाताने गुणले तर वर्ग होतो, पुन्हा गुणले तर घन. भिन्न अज्ञातांचा गुणाकार केला तर दोन्ही नावे जोडीने राहतात. त्याला ते ‘भावित’ म्हणत.

कोणत्याही पदांचा गुणाकार करताना तीन पायऱ्या क्रमाने उतराव्या : आधी चिन्ह, मग आकडा, मग अक्षर. (−३क्ष) × (४क्ष) : चिन्हे भिन्न, म्हणून ऋण, तीन चोक बारा, क्ष गुणिले क्ष, क्षवर्ग. उत्तर −१२ क्षवर्ग. (−५क्ष) × (−२य) : चिन्हे समान, धन, पाच दुणे दहा, अक्षरे भिन्न, जोडीने राहतील. उत्तर १०क्षय. क्ष गुणिले क्ष हे २क्ष नव्हे, हे ज्याला पटत नसेल त्याने क्ष च्या जागी दहा ठेवून पाहावे. दहा दाहे शंभर. दोन दाहे वीस.

भागाकार त्याच पायऱ्यांनी. (−१२ क्षघन) ÷ (४क्ष) : चिन्ह ऋण, बारा भागिले चार, तीन, वर तीन क्ष आहेत, खाली एक, एकास एक गेला, दोन उरले. उत्तर −३ क्षवर्ग. ताळा पाहायचा तर क्ष च्या जागी २ ठेवा. वर −१२ गुणिले ८, म्हणजे −९६, खाली ८, भागाकार −१२. आणि −३ क्षवर्ग म्हणजे −३ × ४, तेही −१२. ताळा जमला. मात्र क्ष शून्य असता कामा नये, हे ध्यानात ठेवावे. पोत्याचे तोंड बांधलेले असले तरी ते रिकामे असू शकते.

आता आपली चादर पुन्हा आणू, पण लांबी-रुंदी दहा न धरता क्ष धरू. (क्ष − २) × (क्ष − ३). चारही गुणाकार करा : क्षवर्ग, −३क्ष, −२क्ष आणि +६. मिळून क्षवर्ग − ५क्ष + ६. क्ष ला दहा केले तर १०० − ५० + ६, छप्पन, ओळखीचा आकडा. आणि क्ष ला एक केले तर? एक हात चादरीतून दोन हात कोणता शिंपी कापील? चित्र येथे थांबते. पण हिशेब थांबत नाही : (१ − २) × (१ − ३) म्हणजे (−१) × (−२), आणि ही बाजू १ − ५ + ६ = २. दोन्हीकडे धन दोन. जेथे कापड पोहोचत नाही तेथेही नियम पोहोचतो, कारण तो कापडावर उभा नव्हता, करारावर उभा होता.

कंसाबाहेरचे चिन्ह

या सगळ्याचा रोजच्या जीवनात उपयोग काय, असे विचारणाऱ्यांसाठी एकच प्रसंग सांगतो. एका कारखान्यात पगारपत्रकाची पद्धत बदलली. एका कामगाराचा पगार १८,०००. निरनिराळ्या कपाती २,५००. आणि त्या कपातींत ४०० ची सवलत मान्य झालेली. म्हणजे हिशेब १८,००० − (२,५०० − ४००). कंस आधी सोडवला तर २,१००, आणि हातात १५,९००. पण पत्रक करणाराने कंस काढून टाकला आणि सवलतीचा आकडा कपातीच्या रकान्यात असल्यामुळे तोही वजा केला. हातात पडले १५,१००. कामगार म्हणाले, सवलत मिळाली नाही. व्यवस्थापनाचे म्हणणे, सवलत पत्रकात स्पष्ट लिहिलेली आहे. दोघेही आपापल्या परीने खरे बोलत होते.

आम्ही तेथे घोषणा दिल्या नाहीत. एका कोऱ्या कागदावर कंस काढला. कंसाबाहेरचे वजा म्हणजे ऋण एकाने गुणणे. आतल्या प्रत्येक पदाला ते लागू : (−१) × २,५०० म्हणजे −२,५००, आणि (−१) × (−४००) म्हणजे +४००. वजा करायची कपातच चारशेने कमी झाली, म्हणजे कामगाराकडे चारशे आले. तेथे वजा लिहिले तर तोटा चारशेचा होत नाही, आठशेचा होतो; कारण जे मिळायचे ते मिळाले नाही आणि वर तितकेच गेले. चिन्हाची चूक नेहमी दुपटीने बसते. हिशेबनीसाने कागद दोनदा पाहिला, मान हलवली, आणि पुढच्या पगारात फरक मिळाला. पण मंडळी, जर कामगारांतल्या कोणालाही कंस सोडवता येत नसता, तर ते आठशे कोणाच्या लक्षातही आले नसते.

गणित हे पदवीधरांचे वतन नाही. लेओनार्ड ऑयलर हा अठराव्या शतकातला थोर गणिती. दृष्टी गेल्यावर त्याने आपला बीजगणिताचा ग्रंथ आपल्याकडे असलेल्या, मूळच्या एका शिंपीकाम करणाऱ्या तरुणाला सांगून लिहवून घेतला. तो जर्मन भाषेत १७७० साली प्रसिद्ध झाला. त्या तरुणाला हे शास्त्र येत नव्हते. लिहून घेता घेता ते त्याला समजत गेले, असे ग्रंथाच्या प्रस्तावनेत सांगितलेले आहे. आणि त्या ग्रंथात ऋण गुणिले ऋण याचे कारणही दिले आहे : ऋण गुणिले धन हे ऋण ठरलेच आहे, मग ऋण गुणिले ऋण हे त्याच्यासारखेच कसे येईल? ते उलटच आले पाहिजे.

आपल्याकडेही विद्या लोकांपर्यंत नेण्याचा प्रयत्न झालेला आहे. चाळीसगावजवळ पाटण येथे भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापला. तसा शके ११२८ चा शिलालेख तेथे आहे, डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो १८६५ साली विद्वानांच्या नजरेस आणला. त्याचा आरंभ संस्कृत आहे, पण मठाला द्यायच्या देणग्यांचा भाग जुन्या मराठीत आहे. देण्याघेण्याची गोष्ट आली की ती लोकांना समजेल अशा भाषेत सांगितली पाहिजे, हे त्या काळीही ठाऊक होते.

तुमच्या घरी सातवी-आठवीतले मूल असेलच. त्याने कधी ‘वजा वजा अधिक का’ म्हणून विचारले, तर ‘पाठ कर’ असे म्हणू नका. एक चौकोनी कागद घ्या, दोन बाजूंनी दोन पट्ट्या दुमडा, आणि कोपऱ्यात कागद किती वेळा दुमडला गेला ते त्यालाच मोजू द्या.